फळ्याकडे तोंड

बोरगाव मेघे, वर्धा
९ जुलै २०२३

चि. किशोर,
जिथे असशील तिथे माझा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज.

माझ्या विद्यार्थ्यांना मी वसतिगृहात पत्रं लिहिली, लष्कराच्या छावणीत लिहिली, एकाला तर दुबईलाही लिहिलं. कारागृहाचा पत्ता पाकिटावर घालण्याची ही पहिलीच वेळ. हात अडखळला, खोटं कशाला बोलू. तुला तिथे फोन मिळत नाही, म्हणून म्हातारा पुन्हा कागदाकडे वळला आहे.

शकुबाईच्या मातीला अल्लीपूरला आलो तेव्हा माझ्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. त्या बाईनं आपल्या शाळेत वर्षानुवर्षं खिचडी शिजवली. तुम्ही पोरांनी खाल्ली, तशी मीही खाल्ली, आणि मीठ कमी आहे म्हणून वर तिलाच बोललो. म्हातारपणी ती तुझ्याकडे भाजी तोडायला येत होती हे मला तिथेच कळलं. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या तारेत रानडुकरांसाठी वीज सोडलेली आणि सकाळी टोपली घेऊन येणारी ती. मला तो विचारच करवत नाही.

मातीहून परतल्यावर सारे मंदिराच्या सभामंडपात बसलो होतो. पोलीस पाटील रूपराव म्हणाले, "डुकरासाठी सोडला असन करंट, पण बाई गेली ना बाप्पा. ज्याचं काम हाय त्यानं आताच सांगा." सगळ्यांच्या माना खाली. आणि मग तू उठलास. म्हणालास, "म्या लावला. खांबावर आकडा टाकून."

किशोर, त्या क्षणी मला माझा वर्ग दिसला. तुला आठवत असेल माझी रीत. वर्गात काही मोडलं, हरवलं, कुणाच्या डब्यातलं कुणी खाल्लं, तरी मी चौकशी म्हणून कधी केली नाही. फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो आणि म्हणायचो, "ज्यानं केलं त्यानं उभं राहावं." कोण उठलं ते मला पाहायचं नसे. पाहिलं की ती कबुली मास्तरची होते, मुलाची राहत नाही, असं माझं म्हणणं. मागे बाक वाजला की मी म्हणायचो, "जो उभा राहिला तो माझ्याहून मोठा. बस बेटा." बाकीचे शिक्षक मला 'पाठमोरे गुरुजी' म्हणून चिडवायचे. चिडवू देत. त्या पद्धतीचं फळ मी सभामंडपात पाहिलं.

तुझ्या हातून चूक झाली, मोठी झाली. तिची शिक्षा तुला मिळेल आणि मिळायलाच हवी. पण भर सभेत उभा राहणारा तू एकटा होतास. तू माझ्याहून मोठा आहेस, किशोर. पोलिसांनी मला विचारलं तेव्हा मी छातीठोकपणे लिहून दिलं की याने माझ्यासमोर कबूल केलं आहे आणि हा मुलगा खोटं बोलत नाही.

तुझाच,
पुंडलिक गुरुजी

*

जिल्हा कारागृह, वर्धा
३० जुलै २०२३

आदरणीय गुरुजी,
दुरूनच पाया पडतो.

पत्र मिळालं. आमची पत्रं आधी इथले साहेब वाचतात, मग देतात. साहेब म्हणाले, "तुया मास्तर चांगलं लिहिते रे." मला फार बरं वाटलं. तुम्ही 'माझ्याहून मोठा' लिहिलं आहे ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतो.

माझी काळजी नसावी. जेवण वेळेवर मिळतं. आवारात पालक आणि मेथीचे वाफे आहेत, तिथे हात लावू देतात, दिवस निघून जातो. जामिनाचा अर्ज करू नका असं मीच वकिलांना सांगितलं. बाहेर आलो तर शेतात जायचा रस्ता शकुबाईच्या दारावरूनच आहे. तिच्या घरच्यांसमोरून कोणत्या तोंडाने जाऊ?

वकील माणूस चांगला आहे, पण प्रश्न फार विचारतो. आकडा कोणत्या खांबावर टाकला, वायर कुठून आणली. मला ते धड सांगता येत नाही. म्हणतो, केलं तू आणि तुलाच आठवत नाही?

दोन विनंत्या आहेत. काजल तिसरीत गेली, ती आपल्याच शाळेत आहे. तिकडे जाणं झालं तर तिच्या अभ्यासाकडे पाहा. आणि आमच्या वर्गातला पियुष भेटला तर सांगा, आमच्या वांग्यांकडे लक्ष ठेव. त्याचं शेत आमच्या धुऱ्याला लागूनच आहे, गोपिकाला एकटीला सगळं झेपणार नाही.

मला भेटायला मात्र येऊ नका.

तुमचा विद्यार्थी,
किशोर

*

बोरगाव मेघे
८ सप्टेंबर २०२३

चि. किशोर,
आशीर्वाद तर आहेतच, आज थोडी कौतुकाची भरही घालतो.

उत्तराला उशीर झाला कारण सांगण्यासारखं काही घडायची वाट पाहत होतो. तुला खांब आठवत नाही, वायर आठवत नाही, याचं नवल वाटून घेऊ नकोस. मोठ्या धक्क्याने असं होतं. जामीन नको म्हणालास हे तर तुलाच शोभतं. तुझा वकील माझ्याकडे आला होता. म्हणाला, गुरुजी, त्याला गुन्हा नाकबूल करायला सांगा. मी त्याला चहा पाजला आणि चांगला झापला. म्हटलं, माझ्या विद्यार्थ्याला मी खोटं बोलायला सांगू? बिचारा बिस्कीट अर्धंच टाकून गेला.

आता खरी बातमी. शिक्षकदिनाला शाळेने मला बोलावलं. शाल, नारळ, सगळं साग्रसंगीत. भाषण करायला उभा राहिलो आणि ठरवलं होतं ते बाजूला ठेवून मुलांना तुझी गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, पण गावात कोणाला माहीत नाही? सांगितलं, चूक कोणाकडूनही होते, पण चार लोकांत उभं राहून 'मी केलं' म्हणायला वाघाचं काळीज लागतं. काजल पुढेच बसली होती. मान वर केली नाही तिने, लाजाळू आहे पोर. पियुष आता शाळा समितीवर आहे, मंचावर माझ्या शेजारी होता. सगळ्यात जास्त टाळ्या त्याच्या. वांग्यांचा निरोप त्याला दिला.

साक्षीला बोलावलं की मी येईनच. धीर सोडू नकोस.

पुंडलिक गुरुजी

*

अल्लीपूर
१५ सप्टेंबर २०२३

गुरुजी,
किशोरच्या घरची गोपिका लिहिते.

मी दहावीपरेंत शिकली, पण पत्र लिहाची सवय नाई. बोलते तसंच लिहून राह्यली. कमीजास्त झालं तर माफ करा, नाई केलं तरी चालते.

शिक्षकदिनाहून काजल घरी आली तं जेवली नाई. दप्तरासकट कोपऱ्यात बसली. मग मले विचारलं, "आई, बाबानं शकुआजीले मारलं हे गुरुजीनं माइकमधून काऊन सांगतलं?" मी काय सांगू तिले?

गुरुजी, तुमी आमच्या वावरात कधी आले काय? आमच्याकडं सोलर पंप हाय. लाइनच नाई तिथं. खांब हाय तो पियुषच्या वावरापलीकडं, तिथून आकडा टाकाचा तं त्याचं सारं वावर ओलांडून वायर आणा लागते. तार पियुषची होती. करंट त्याच्या मोटरच्या स्टार्टरपेटीतून येत होता. शकुबाई पडली अन् पोलीस यायच्या आंधी त्यानं वायर गुंडाळून नेली. आजूबाजूच्या वावरवाल्यायनं पाह्यलं. कोणी तोंड उघडत नाई. मी बोलली तं म्हणतात, नवऱ्याले वाचवासाठी बोलून राह्यली.

मी त्यायले जेलात जाऊन विचारलं, तुमी काऊन उठले? म्हणे, "कोणी उठतच नोहोतं."

तुमचं ते फळ्याकडं तोंड करणं मले लग्नातच मालूम झालं. यायचे दोस्त हासून हासून सांगत होते. गुरुजीनं तोंड फिरवलं का पियुष कोपरानं ढोसे, 'किश्या, उठ.' काच कोणी बी फोडो, आंबे कोणी बी चोरो, उठे तो किश्याच. तुमाले मालूम नोहोतं? साऱ्या गावाले मालूम हाय.

शाल चांगली होती म्हणते काजल.

गोपिका

*

बोरगाव मेघे
२ ऑक्टोबर २०२३

किशोर,

गोपिकाचं पत्र आलं. मग मी अल्लीपूरला जाऊन तुझं शेत पाहून आलो. सोलरचा पंप पाहिला, खांबही पाहिला.

वर्गात उठायचास तो दर वेळी तूच होतास का? आणि ही तार तुझी होती का? दोन्ही उत्तरं मला हवी आहेत. तुला कोणी मारणार नाही, कोणी रागावणार नाही. मला फक्त खरं हवं आहे.

मी इथे नीट जेवू शकत नाही.

गुरुजी

*

जिल्हा कारागृह, वर्धा
२० नोव्हेंबर २०२३

गुरुजी,
तुमच्या पायांशी बसून सांगतो आहे असं समजा.

लिहायला बसलो आणि फाडलं, असं बरेचदा झालं. दिवाळीही त्यातच गेली. इथे करंजी मिळाली होती.

पहिल्यांदा उठलो तेव्हा खरंच माझी चूक होती. शाळेच्या रेडिओची दांडी माझ्या हातून मोडली होती. भीती वाटत होती, तरी उठलो. तुम्ही फळ्याकडे पाहत म्हणालात, "जो उभा राहिला तो माझ्याहून मोठा. बस बेटा." गुरुजी, माझी आई मी दुसरीत असताना गेली. बापूजी बोलायचे ते बैलांशी. माझ्या वाट्याला 'हाण' आणि 'थांब' एवढंच यायचं, म्हणजे बैलांपेक्षाही कमीच. मला बेटा म्हणणारं कोणी नव्हतं. तुम्ही म्हणालात तेव्हा मला वाटलं, हे पुन्हा ऐकायला मिळालं पाहिजे.

म्हणून पुढच्या वेळी मी काही केलं नव्हतं तरी उठलो. तुम्ही तेच म्हणालात, तसंच मायेनं. मग पोरांना कळलं की किश्या उठतो. पियुषने ढोसलं नसतं तरी मी उठलो असतो. मला त्याचा राग नाही. ते माझं कामच होऊन बसलं, जसं कुणाकडे घंटेचं काम असतं, कुणाकडे फळा पुसायचं.

एकच वाटायचं. तुम्ही एकदा तरी वळून पाहावं. तुम्ही वळायचात तोवर मी बसलेलो असायचो. 'बस बेटा' म्हणायचात पण बेटा कोण ते तुम्हाला माहीत नसायचं. वर्षाच्या शेवटी तुम्ही शाबासकी दिली ती पियुषला, तो कवायतीत पहिला होता. मी टाळ्या वाजवल्या.

तार माझी नव्हती. पण त्या तारेत करंट असतो हे मला माहीत होतं. पियुषला एकदा म्हटलं, बंद कर. तो म्हणाला, रात्रीपुरताच सोडतो, सकाळी काढतो. मी पुढे बोललो नाही, डुकरं माझ्याही वावरात येत नव्हती ना. आणि त्या दिवशी बाजारासाठी चवळी तोडायची म्हणून शकुबाईला मीच लवकर बोलावलं होतं. रस्त्याने ये, धुऱ्यावरून येऊ नको, एवढं सांगायचं राहिलं. मग मी कोणत्या तोंडाने म्हणू की माझा काही गुन्हा नाही?

सभामंडपात रूपरावांनी विचारलं तेव्हा मी पियुषकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. मग तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही समोर बसला होता, गुरुजी, तुमचं तोंड माझ्याकडे होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी उठलो.

तुम्ही जेवत जा. माझ्यामुळे तुमचं अन्न सुटलं तर मला इथे राहवणार नाही.

किशोर

*

बोरगाव मेघे
११ डिसेंबर २०२३

किशोर, बाळा,

तुझं पत्र वाचून मी दार लावून घेतलं आणि मोठ्याने रडलो. सूनबाई घाबरली.

मी समजत होतो की पाठ फिरवून मी मुलांचा मान राखतो. मी फक्त पाहायचं टाळत होतो. माझ्या पाठीमागे एक आईवेगळं पोर रोज दुसऱ्याचं ओझं उचलत होतं आणि मी फळ्याकडे पाहून स्वतःवर खूश होतो. मी तुला सत्य शिकवलंच नाही. तुला बेटा म्हणवून घ्यायला काय करावं लागतं तेवढं शिकवलं. हे लिहिताना माझ्या जिवाचं काय होतं आहे ते मी सांगू शकत नाही.

मी पियुषकडे गेलो होतो. त्याने पाया पडून खुर्ची दिली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, बाबा रे, तार तुझी होती. तू जाऊन सांग, तो सुटेल. तो रागावला नाही. घाबरलाही नाही फारसा. म्हणाला, "गुरुजी, तो उभा राह्यला ना? मग आता काऊन उकरता? तुमच्या वर्गात बी एक जण उठला का विषय खतम होत होता. तुमी कधी विचारलं का, खरंच तुयंच काम हाय का?"

तो पोरगा दुष्ट नाही, किशोर. शकुबाईच्या घरी तो गहू पोचवतो असं कळलं. कोणी तरी उठतं हे तो माझ्याकडूनच शिकला आणि ते त्याने लक्षात ठेवलं.

तुझ्या वकिलाला भेटलो, या वेळी झापलं नाही. तो म्हणतो, सोलर पंपाचा मुद्दा जोरदार आहे. तार आणि वायर पोलिसांच्या हाती नाही. गावातले साक्षीदार 'नीट आठवत नाही' म्हणणार, रूपरावही डगमगले आहेत, कारण गावाला सगळं माहीत आहे. उरतो मी. तू कबूल केलंस हे मी ठामपणे लिहून दिलं आहे. तू कोर्टात एवढंच म्हण की मी तार लावली नाही. शकुबाईला सावध केलं नाहीस ते ओझं तुझं आहे, ते तू आयुष्यभर वाहशील, मला माहीत आहे. पण जे केलं नाहीस त्याची शिक्षा भोगणं हे सत्य नव्हे. तुला मी शिकवलं ते चुकीचं होतं. ते विसर, मी हात जोडतो.

गुरुजी

*

जिल्हा कारागृह, वर्धा
१४ जानेवारी २०२४

गुरुजी,
नमस्कार. संक्रांतीचा तीळगूळ मनाने घ्या.

तुम्ही हात जोडतो असं पुन्हा लिहू नका. ते वाचून मी कागद उलटा ठेवला.

आता मी 'मी नाही' म्हटलं तर पियुषचं नाव येईल. त्याची दोन लहान पोरं आहेत. माझं तर होऊन गेलं आहे. आणि तुम्ही शिकवलं ते चुकीचं होतं हे मला पटत नाही. ते चुकीचं असेल तर माझ्याजवळ दुसरं काय आहे? मी तेवढंच तर शिकलो.

वकील म्हणतो म्हणून मी कोर्टात गप्प राहीन. गोपिका आणि काजलसाठी तेवढं करतो. मला विचारलं तर काही बोलणार नाही. पण तुम्ही साक्षीला आलात की जे ऐकलं तेच सांगा. माझ्यासाठी इकडचं तिकडे करू नका. तुम्ही खोटं बोललात तर मला सहन होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुमचा
किशोर

*

बोरगाव मेघे
२३ ऑगस्ट २०२४

गोपिका, पोरी,

काल तू कोर्टात नव्हतीस. बाजाराचा दिवस आहे, तू भाजी घेऊन हिंगणघाटला जा, असं मीच म्हटलं होतं. कारण मला जे करायचं होतं ते तुझ्यासमोर करायची लाज वाटत होती. आता तुझ्या दारी येऊन सांगायचं धाडस होत नाही, म्हणून लिहितो.

रूपराव म्हणाले, गर्दी होती, कोण काय बोललं सांगता येत नाही. बाकीच्यांनीही तसंच सांगितलं. मग मला बोलावलं. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीने तुमच्यासमोर गुन्हा कबूल केला का? मी म्हणालो, नाही. म्हणालो, मी पार मागे बसलो होतो, माझे कान अधू आहेत, मला काही ऐकू आलं नाही. पोलिसांनी काय लिहून घेतलं ते मला ठाऊक नाही. गोपिका, माझा आवाज जराही कापला नाही. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगणारा मी, आणि मला ते किती सहज जमलं. मनात म्हटलं, देवा, हे एवढं पदरात घे आणि पोराला घरी जाऊ दे. सरकारी वकील कागद आवरायला लागले. आपला वकील माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच हसला.

तेवढ्यात किशोर बोलला. पिंजऱ्यातूनच, कोणी विचारलं नसताना. "साहेब, गुरुजी मागं नोहोते. माह्या समोर बसले होते. म्या बोललो ते त्यायनं सारं आयकलं. त्यायचे कान चांगले हायेत. ते माह्यासाठी खोटं बोलून राह्यले, त्यायले सवय नाई त्याची. त्यायच्यावर काही करू नका."

न्यायाधीशांनी त्याला गप्प बसायला सांगितलं, पण लिहून घेणाऱ्याने लिहून घेतलं होतं. मग मला पुन्हा विचारलं. त्याने सांगितलं ते खरं आहे का? मी किशोरकडे पाहिलं. तो मान हलवत होता, हो म्हणा गुरुजी, हो म्हणा. मी हो म्हणालो. मग मी ओरडूनच सांगायला लागलो की तार त्याची नाही, तो लहानपणापासून दुसऱ्यांसाठी उठतो. विचारण्यात आलं, तार कोणी लावली ते तुम्ही पाहिलं का? मी म्हणालो नाही. वर्गात कोण काय करत होतं ते तुम्ही पाहिलं का? त्यालाही मी नाही म्हणालो. बसायला सांगितलं, बसलो.

त्याला बाहेर नेताना मी दारापाशी उभा होतो. मला वाटलं तो रडत असेल, निदान रागावलेला असेल. तसं काही नव्हतं. गोपिका, त्याचा चेहरा प्रसन्न होता. त्याने मला वाचवलं असं त्याला वाटत होतं. मला म्हणाला, "गुरुजी, आता जेवत जाजा."

मी त्याचा चेहरा इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. डाव्या भुवईत एक खूण आहे त्याच्या. ती कधीची आहे ते मला माहीत नाही. माझ्या वर्गात असताना लागली असेल तरी मला माहीत नसणार.

तुझी क्षमा मागण्याचा मला अधिकार नाही.

पुंडलिक

*

अल्लीपूर
६ ऑक्टोबर २०२४

गुरुजी,

निकाल लागला. पाच वर्सं. आतमधी गेले तेवढे दिवस त्यातून कमी होतीन म्हणते वकील. त्यायले नागपूरच्या जेलात नेलं. वकील वरच्या कोर्टात अर्ज करा म्हणते, पण हे सही देत नाई. मी दोनदा जाऊन आली. मेथी चांगली आली म्हणून सांगत होते, इकडच्या जेलातली. ते तिथंच राह्यली, खायाले नाई भेटली म्हणत होते.

पियुष येऊन गेला. वांग्याले पाणी देतो म्हणे. मी म्हटलं, नको. तो धुऱ्यावर बराच वेळ उभा होता. रडला बी. मले त्याच्या रडण्याचं काही वाटलं नाई. शकुबाईचा पोरगा मात्र आला अन् सारी चवळी तोडून टोपल्यात भरून देऊन गेला. त्याले मालूम हाय. साऱ्यायले मालूम हाय.

तुमच्यावर मी लय रागावली होती, आता तेवढा राग नाई. तुमी आमच्यासाठी खोटं बोलले. त्या बुढ्या माणसाले किती जड गेलं असन, असं वाटते. पण जवळ येऊन बसा, असं अजून मनातून निघत नाई. खरं सांगून राह्यली.

काजल आता चौथीत हाय. वर्गात काही झालं का ती चूपचाप बसते, तिच्या बाईनं सांगतलं. मी बरं म्हटलं.

काल भाकर थापत होती तं माह्याजवळ येऊन बसली. म्हणे, "आई, गुरुजी खोटं काऊन बोलले?" मी सांगतलं, तुह्या बाबाले घरी आणासाठी. मग म्हणे, "मंग बाबाले घरी यायचं नोहोतं काय?"

गुरुजी, तुमी त्यायचे मास्तर होते. मले हे तिले सांगता आलं नाई. तुमाले येत असन तं लिहून कळवा.

गोपिका